पाण्यावरची राखण

कप्तानबाईंना पोहता येत नव्हतं. धक्क्यावर हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्यांच्या तोंडावर बोलायची कुणाची टाप नव्हती; कारण नाव चालवावी तर ती त्यांनीच. लाटेच्या पाठीवरून नाव अशी अलगद उतरवायच्या, जसं झोपलेलं लेकरू कडेवरून गादीवर ठेवावं. नवरा होता तोवर त्या नुसते दोर सांभाळायच्या. तो गेला, सुकाणू हातात आलं, ते आजतागायत सुटलं नाही.

घर आणि दुकान एकच. पुढच्या खोलीत पाहुण्यांसाठी बाकं आणि भिंतीवर माशांची रंगीत चित्रं. मधल्या बोळात वाळत घातलेले पाणबुड्यांचे काळे रबरी पोशाख. अंधारात एकदम समोर आले तर माणसंच टांगल्यासारखी वाटावीत. आणि मागे पत्र्याच्या खोलीत सिलिंडरमध्ये हवा भरायचं यंत्र. तिथे मुलगा बसे. तोही एके काळी पाण्याखाली जायचा. एकदा सर्दी असताना हट्टाने उतरला, कानाचा पडदा गेला आणि डॉक्टरांनी पाणी बंद केलं. तेव्हापासून तो सिलिंडर भरत होता. एका कानाने त्याला ऐकू येत नाही आणि दुसऱ्या कानाने ऐकू येऊनही तो उत्तर देत नाही, असं त्याच्या आईचं म्हणणं.

आणि सून. सून या दुकानात पाहुणी म्हणून आली होती, पाण्याखाली श्वास घ्यायला शिकायला. शिकवणारा तेव्हा मुलगाच होता. ती शिकली, गेली, परत आली, पुन्हा गेली, पुन्हा आली. आणि मग आली ती सून होऊनच. आता पाहुण्यांना खाली नेणं-आणणं सगळं तिच्याकडे. कप्तानबाई तिला पाणकोंबडी म्हणत. रागावल्या तरी पाणकोंबडी, लाडात आल्या तरी पाणकोंबडी; त्यातली कुठली ते सुनेने ओळखायचं.

दोघींची कामं वाटून घेतलेली. सून पाण्याखाली, सासू पाण्यावर. खाली गेलेल्या माणसाचं वर दुसरं काही दिसत नाही. त्याने सोडलेला श्वास तेवढा बुडबुडे होऊन वर येतो. कप्तानबाई नावेच्या कडेला मांडी घालून बसत आणि त्या बुडबुड्यांची राखण करत. घाबरलेल्या नवख्याचे बुडबुडे म्हणजे उकळी फुटलेलं पातेलं. फुशारकी मारणाऱ्याचे भसाभस येत आणि मग बराच वेळ गायब होत. सुनेचे मात्र बारीक, शांत, एकासारखे एक, ओवलेल्या मण्यांसारखे.

त्यांची एक खोड होती, ती त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती. सून खाली असली की त्या तिच्याबरोबर श्वास घ्यायच्या. मणी वर आले की आपण सोडायचा, मणी थांबले की आपण घ्यायचा. आपल्याला पोहता येत नाही, तर निदान एवढं तरी. त्या तालावर कधी ओठांतल्या ओठांत ओळीही जुळायच्या:

पाण्याच्या पाठीवर, नाव माझी हलते गं,
पाण्याच्या पोटामध्ये, लेक कुणाची चालते गं.

कुणी जवळ आलं की खोकायच्या आणि दोर आवरायला लागायच्या.

त्या दिवशी सकाळी ठिणगी पडली ती टॉर्चवरून. गेल्या काही खेपांत पाहुण्यांच्या हातून एकामागून एक टॉर्च खाली राहिले होते. सून गोड्या पाण्याच्या टाकीत मास्क धूत होती आणि कप्तानबाई सामान नावेवर चढवत होत्या. उरलेले टॉर्च पिशवीत टाकता टाकता त्यांचं तोंड सुटलं.

"कुणाचं काही पडलं की तू हसून सोडून देतेस. समुद्राच्या तळाशी दिवे लावायचेत का आपल्याला? आज टॉर्च सोडून आलीस तर वर येऊच नकोस."

"नाही येत," सून म्हणाली. "खालीच दुकान काढते. गिऱ्हाईक आधी मलाच भेटेल."

पत्र्याच्या खोलीतून मुलगा हसल्याचं ऐकू आलं, म्हणजे दुसरा कान चालू होता. बोलणं तिथेच संपलं. अशी बोलणी दोघींमध्ये दिवसभर उडायची आणि संध्याकाळी कोपऱ्यात झाडून टाकली जायची.

पाहुणे दोघे होते. एक दातांचे डॉक्टर आणि एक त्यांचा मेहुणा. डॉक्टर आडव्या अंगाचे, मऊ बोलणारे. समोरचा माणूस हसला की त्याचा आनंद बघायच्या आधी दात बघायचे. कप्तानबाईंनी नावेत बसल्या बसल्या एक जांभई दिली, तर मागची दाढ किडलीय म्हणून सांगून मोकळे. मेहुणा काडीसारखा आणि बडबड्या. आपण इथे का आलो ते त्याने नाव सुटायच्या आत सगळ्यांना सांगून टाकलं: ताईने बजावलं होतं की भावोजींना पाण्यात एकटं सोडू नकोस, आणि भावोजींना ताईनेच बजावलं होतं की माझ्या भावाला एकटं सोडू नका. आता खाली कुणी कुणावर लक्ष ठेवायचं हे तेवढं ठरायचं होतं.

नाव जुन्या जहाजावर येऊन थांबली. जहाज म्हणजे पाण्याखालचं. वरून पाहिलं तर निळ्यात एक काळपट सावली. ते माल वाहायचं. कुणी म्हणे कापूस, कुणी म्हणे साखर. साखर असेल तर समुद्र गोड का झाला नाही, असं मेहुण्याने विचारलं आणि स्वतःच हसला. जहाज वाळूवर एका कुशीवर कललेलं होतं, पाठ दुखणारं माणूस झोपतं तसं. कठड्यांवर पोवळी उगवली होती, जांभळी, पिवळी, मधाच्या रंगाची. माल ठेवायची जागा उघडी पडली होती, पण कप्तानाची खोली छपरासकट शाबूत होती आणि तिच्या खिडकीतून मासे शेजाऱ्यांसारखे ये-जा करत. जहाजाच्या पलीकडे, थोड्या अंतरावर, पोवळ्यांचा मोठा खडक सुरू व्हायचा. तिथे पाणी उथळ, रंगाने फिकट हिरवं.

जहाजाला बांधलेला एक जाड दोर वर येऊन मोठ्या तरंगत्या बोयाला अडकवला होता. कप्तानबाईंनी नाव त्या बोयाला बांधली. सुनेने पाहुण्यांना पुन्हा एकदा हातवारे समजावले, मास्क घट्ट केले, आणि तिघं दोराला धरून खाली गेली.

बुडबुडे वर आले. डॉक्टरांचं पातेलं, मेहुण्याची धावपळ, आणि मधून मण्यांची शांत सर. कप्तानबाईंनी आपला श्वास तिला जोडून दिला. मग तिघं कप्तानाच्या खोलीत शिरली असणार, कारण बुडबुडे बंद झाले, छपराखाली अडकले. हा भाग कप्तानबाईंना मुळीच आवडायचा नाही. तेवढा वेळ त्या अंदाजाने श्वास घ्यायच्या. मग मणी पुन्हा दिसले, दोराकडे सरकले, दोराबरोबर हळूहळू वर आले, एकदम वर यायचं नसतं म्हणून मध्ये थांबायचं तिथे थांबले, आणि डॉक्टरांचं डोकं पाण्याबाहेर आलं.

डॉक्टर इतके खूश होते की शिडी चढताना दोनदा घसरले. मेहुणा तर मास्क काढायच्या आधीच बोलायला लागला होता. एवढा मोठा मासा, एवढे बारीक मासे, आणि भावोजी त्या खोलीत अडकले असते तर ताईला काय सांगायचं. हे सगळं चालू असताना कप्तानबाईंची नजर डॉक्टरांच्या हाताकडे गेली. हात रिकामा होता. डॉक्टरांनीही तो पाहिला आणि शाळेतल्या मुलासारखा मागे लपवला. फोटो काढायला म्हणून टॉर्च खिडकीत ठेवला होता, तो तिथेच राहिला, असं ते पुटपुटले.

कप्तानबाईंची एक भुवई वर गेली. शिडीला एका हाताने धरून सून अजून पाण्यातच होती. तिने ती भुवई पाहिली. छातीवरची काट्याची तबकडी उचलून हवा किती उरलीय ते पाहिलं. बऱ्यापैकी होती, तिला मुळात हवा कमीच लागायची.

"खिडकीतच आहे, आई. जाते आणि येते."

एकटीने खाली जायचं नाही, हा नियम तिनेच घातलेला. कप्तानबाईंनाही तो पाठ होता. जाऊ दे तो टॉर्च, असं म्हणायचं त्यांच्या अगदी ओठांवर आलं. पण सकाळचं बोलणं अजून ओठांवरून पुरतं उतरलेलं नव्हतं, आणि एका तोंडात दोन्ही मावेनात. त्या म्हणाल्या, "लवकर ये." सून हसली, हवेच्या नळीचा रेग्युलेटर दातांत धरला आणि गेली.

मणी दोराबरोबर खाली गेले, खोलीच्या दिशेने सरकले, दिसेनासे झाले. खिडकीतली वस्तू उचलायला कितीसा वेळ लागतो. तेवढ्यात डॉक्टरांनी, बहुधा अपराधी वाटून, कप्तानबाईंच्या दाढेची चौकशी सुरू केली. गार पाणी लागतं का, रात्री ठणकते का. त्या वळून उत्तर देत राहिल्या. पुन्हा पाण्याकडे पाहिलं तेव्हा मणी परत येत होते. बारीक, शांत, एकासारखे एक, बरोबर त्या खोलीच्या वर. त्यांना बरं वाटलं. त्यांनी डॉक्टरांना सांगितलं की दाढ नवऱ्याच्या वेळची आहे, तिला त्रास द्यायचा नाही.

सुकाणूपाशी एक छोटं घड्याळ लावलेलं होतं. कप्तानबाई त्याच्याकडे एकदा बघत, एकदा पाण्याकडे. मणी येत होते, पण दोराकडे सरकत नव्हते. एकाच जागी येत होते.

मेहुण्याची बडबड हळूहळू कमी झाली. मग तो उठून त्यांच्याजवळ आला आणि त्याने अगदी खालच्या आवाजात विचारलं, एवढा वेळ लागतो का, काकू.

नाही लागत. त्यांनी मनाशी हिशेब केला. उरलेली हवा संपत आली असणार. कदाचित संपलीही असेल, पण मणी येत होते, म्हणजे हवा होती, म्हणजे पोर श्वास घेत होती. पण हलत नव्हती. म्हणजे अडकली होती. दार पडलं असेल, पट्टा कुठे गुंतला असेल, पाय सापडला असेल. त्यांच्या डोळ्यांपुढे ती गंजकी खोली उभी राहिली, जी त्यांनी जन्मात पाहिली नव्हती.

नावेवर एक सिलिंडर नेहमी भरलेलं, रेग्युलेटर जोडून, अडीअडचणीसाठी ठेवलेलं असे. त्यांनी ते दोराला बांधलं आणि मण्यांच्या शेजारून खाली सोडलं, खोलीच्या छपरापर्यंत जाईल असं. मेहुणा म्हणाला, ते सिलिंडर मला द्या, मी जातो. तो खरंच जायला निघाला होता, एका पायात पोहायचा फिन चढवलाही होता. कप्तानबाईंनी त्याचं मनगट धरलं. एक अडकलीय, दुसरा नको, तुमच्या ताईला मी काय सांगू, एवढंच म्हणाल्या. डॉक्टर खाली बसले होते आणि आपल्या रिकाम्या हाताकडे बघत होते.

वायरलेसवर त्यांनी मुलाला गाठलं. काय झालं ते सांगितलं. मग यंत्र बंद केल्याचा आवाज आला, इतकी वर्षं सतत घरघरणारं ते यंत्र. आणि त्याचा आवाज, एकदम जवळ आल्यासारखा: "येतो."

आता करण्यासारखं काही उरलं नाही. कप्तानबाई नावेच्या कडेवर पालथ्या झाल्या, तोंड पाण्याच्या इतकं जवळ की मणी फुटले की गालावर तुषार उडावेत. आणि त्या बोलायला लागल्या. आजवर सुनेशी जे बोलल्या नव्हत्या, ते त्या बुडबुड्यांशी बोलायला लागल्या.

"बाळा, दम धर. हवा खाली सोडलीय बघ, हात लांब कर. माझं बोलणं मनावर घेऊ नकोस, मी काहीही बोलते. पेटू दे तो टॉर्च खालीच. तू ये. तुझ्या आईला मी काय सांगितलं होतं, माझ्या नावेत बसलीय तोवर काळजी करू नका म्हणून. माझी सोन्याची पाणकोंबडी ती. ये गं बाळा."

मेहुणा आणि डॉक्टर एकमेकांकडे न बघता दोन बाजूंना बघत राहिले. मणी येतच होते.

मग कप्तानबाईंनी ठरवलं की पोरीला एकटीला श्वास घेऊ द्यायचा नाही. भीतीने त्यांचा स्वतःचा श्वास विस्कटला होता. त्यांनी तो गोळा केला आणि मण्यांना जोडला. मणी वर येतायत, आपण सोडायचा. त्या सोडत गेल्या. मणी येत राहिले. त्या सोडत गेल्या. छाती रिकामी झाली, पोट आत गेलं, डोळ्यांपुढे काजवे आले आणि मणी येतच राहिले. त्यांना धापकन श्वास घ्यावा लागला. पुन्हा जुळवून पाहिलं. पुन्हा तेच. सोडायला जागा होती, घ्यायला जागाच नव्हती.

त्या उठून बसल्या.

"ही श्वास घेतच नाहीये," त्या म्हणाल्या. "नुसता सोडतेय."

डॉक्टरांचा चेहरा पांढराफटक पडला. पण कप्तानबाईंना वेगळंच काही उमगत होतं, हळूहळू, अंधारात भिंत चाचपावी तसं. असा श्वास माणसाचा नसतो. जिवंत माणूस सोडतो, थांबतो, घेतो. मेलेलं माणूस काहीच करत नाही. थांबल्याशिवाय सोडत राहतं ते माणूसच नव्हे. हा त्या खोलीचा श्वास होता. छपराखाली साठलेली हवा कुठल्यातरी भोकातून झिरपत होती, आणि त्या इतका वेळ तिला सून समजून बसल्या होत्या. इतकी वर्षं बुडबुडे ओळखणारी बाई. पण आज त्यांना तिथे सून हवी होती, म्हणून ती दिसली होती.

मग सून कुठे होती?

त्यांनी पहिल्यांदा मान वर केली. बोयाचा दोर पाहिला. मघाशी तो सरळ खाली गेला होता. आता तिरका ताणला गेला होता आणि त्याच्या कडेने पाणी ओढ्यासारखं वाहत होतं. खडकाच्या दिशेने.

"दोर सोडा," त्या म्हणाल्या.

मेहुणा जागचा हलला नाही. मणी तर इथेच येतायत, आणि ती खाली असली तर, असं तो अडखळत म्हणाला. तो प्रश्न कप्तानबाईंनाही पडला होता. इथून गेलो आणि ती इथेच असली तर? त्यांनी खाली सोडलेल्या सिलिंडरचा दोर बोयाला पक्का बांधला. आपण चुकलो असू तर निदान ते राहावं. मग स्वतःच्या हाताने नाव सोडली. त्या क्षणी त्यांना वाटलं की आपण एक हात कापून तिथे ठेवून चाललोय. इंजिन सुरू झालं. मागे वळून त्यांनी मण्यांकडे पाहिलं नाही.

नाव वाहत्या पाण्याबरोबर निघाली. ऊन समोरून येत होतं, लाटालाटांवर आरशाचे तुकडे पडले होते. काही म्हणता काही दिसेना. डॉक्टर नावेच्या टोकाशी उभे राहून दोन्ही हातांनी डोळ्यांवर सावली करत होते. मेहुणा दुसऱ्या बाजूला. पाण्याचा रंग बदलायला लागला, निळ्याचा हिरवा व्हायला लागला.

"ते काय आहे?" डॉक्टर म्हणाले.

लांब, चकाकीच्या पलीकडे, एक नारिंगी काडी पाण्यात उभी होती. पाणबुडे फुगवून वर सोडतात तशी लांबोळी पिशवी. ती हलली. तिच्या शेजारी एक हात वर झाला आणि शिट्टीचा आवाज आला, बारीक, वाऱ्याने उलटा पळवून नेलेला.

कप्तानबाईंनी इंजिनाचा वेग वाढवला नाही, कमी केला. घाईत पोरीच्या अंगावर नाव जायची. हळू, हळू, असं त्या स्वतःलाच म्हणत होत्या, आणि गालांवरून पाणी वाहत होतं ते समुद्राचं नव्हतं.

सून जवळ आली तेव्हा तिचं डोकं पाण्यातच होतं. पालथी तरंगत ती खाली बघत होती. नावेची सावली अंगावर पडली तशी तिने मान वर काढली. मास्कमागचे डोळे हसत होते.

"किती वेळ, आई? शिट्टी वाजवून वाजवून गाल दुखले. शेवटी म्हटलं तुमचं येणं होईतो पोवळ्यांची बाग तरी बघून घ्यावी. खाली एक कासव चरतंय, या, बघायचंय?"

एवढ्यावरच कप्तानबाईंना कंठ फुटला, आणि जे बाहेर पडलं त्यात बाळा नव्हतं, सोनं नव्हतं. पाणकोंबडी होती, टवळी होती, अक्कल कुठे गहाण ठेवलीस होतं, थोबाडीत मारीन होतं. सून शिडी चढत असताना ते चालू होतं, चढून झाल्यावर चालू होतं, आणि बोलता बोलताच त्यांनी तिला ओढून छातीशी धरलं, सिलिंडरसकट, पट्ट्यांसकट, नळ्यांसकट. सगळ्या अवजारांमधून माणूस कुठे सापडतंय ते हाताने चाचपत राहिल्या. एका पट्ट्याखाली सापडलं. गरम होतं.

मग सुनेने सांगितलं. टॉर्च खिडकीत नव्हताच. घरंगळत डेकवरून खाली, जहाजाच्या पलीकडच्या वाळूत गेला होता. पेटलेला होता म्हणून दिसला. ती तिकडे गेली, उचलला, आणि वळली तर पाण्याला ओढ आली होती. दोरापर्यंत परत जायचं म्हणजे पाण्याशी कुस्ती. त्यात सगळी हवा संपली असती. म्हणून तिने कुस्ती केलीच नाही. अंग सोडून दिलं, पाणी नेईल तिकडे जात जात सावकाश वर आली, मध्ये थांबायचं तिथे थांबली, पिशवी फुगवून वर सोडली. शिकवलेलंच केलं. एकच चुकलं, तिला वाटलं होतं की वरून मणी सरकताना दिसतील आणि नाव मागोमाग येईल.

"तुझ्या नवऱ्याने शिकवलंय तसंच केलंस ना," कप्तानबाई म्हणाल्या, "मग त्याचंच थोबाड रंगवते."

"पण तुम्ही बसला होतात कुठे एवढा वेळ?"

कप्तानबाई एकदम दोर आवरायला लागल्या. ही संधी मेहुण्याने सोडली नाही. इतका वेळ गप्प बसल्याचं त्याने व्याजासकट वसूल केलं. मणी कसे येत होते, काकू कशा पालथ्या झाल्या, सगळं साग्रसंगीत. सून ऐकता ऐकता विचारात पडली. त्या खोलीच्या छपराचा गंजका पापुद्रा निघून नवं भोक पडलंय, परत गेले तेव्हा पाहिलं मी, ती म्हणाली. पण मी एकटी गेले तेव्हा आत थांबलेच नाही. आतली ती साठलेली हवा... तिने डॉक्टरांकडे पाहिलं. सगळ्यांत जास्त श्वास कुणी सोडला होता याबद्दल वाद नव्हता.

"म्हणजे," मेहुणा हळूच म्हणाला, "काकू इतका वेळ भावोजींना बाळा म्हणत होत्या."

मग सुनेच्या नाकातून एक आवाज निघाला. ती दाबायला गेली, दाबलं गेलं नाही. डॉक्टर कानापर्यंत लाल झाले आणि सगळे दात दाखवून हसले. मेहुणा तर आडवाच झाला. कप्तानबाई घुश्शात सुकाणूकडे वळल्या, पाठ गदगदायला लागली, आणि ती पाठ रडतेय की हसतेय हे त्यांचं त्यांनाही कळलं नसावं.

"सोन्याची पाणकोंबडी पण?" सुनेने विचारलं.

"तेही," मेहुणा डोळे पुसत म्हणाला. "ताईला सांगितलं तर तिचा विश्वास बसायचा नाही."

परतीच्या वाटेवर, जहाज मागे पडल्यावर, समोरून एक मासेमारीची होडी येताना दिसली. पाण्यात इतकी खोल दबलेली, की काठावरून लाटा आत डोकावत होत्या. टोकाशी मुलगा उभा होता. मागे पत्र्याच्या खोलीतली सगळीच्या सगळी भरलेली सिलिंडरं, ओळीने, आडवी, एकमेकांवर. एका माणसाला लागतील त्याच्या कितीतरी पट. बायकोला काय झालंय ते ठाऊक नव्हतं, कुठे आहे ठाऊक नव्हतं. त्याला एवढंच करता येत होतं, तर त्याने तेवढं सगळं आणलं होतं.

त्याने तिला पाहिलं. होडी नावेला लागायच्या आतच तो पाय टाकून इकडे आला. कुणाला काही विचारलं नाही. तिच्या पाठीवरचं सिलिंडर उतरवलं आणि तबकडी हातात घेऊन उन्हात धरली. काटा शून्याच्या अलीकडे होता.

"उरलीय," तो म्हणाला. कुणाला म्हणाला कुणास ठाऊक. मग पुन्हा, "उरलीय अजून," आणि ती तबकडी काही केल्या त्याच्या हातातून सुटेना. सुनेने ती हळूच काढून घेतली आणि तिच्या जागी स्वतःचा हात दिला.

कप्तानबाई उठल्या. "धर," त्या मुलाला म्हणाल्या आणि सुकाणू सोडून दिलं. मुलाने एकदा आईकडे पाहिलं, एकदा सुकाणूकडे, आणि एक हात बायकोच्या हातातून सोडवून घेऊन ते धरलं.

नाव निघाली. मागून ती सिलिंडरांनी वाकलेली होडी. पाहुणे टोकाशी बसून आपापसांत कुजबुजत होते. डॉक्टर काहीतरी म्हणाले आणि मेहुण्याने प्रथमच उत्तर न देता त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. कप्तानबाई आपल्याच नावेत पाहुण्यासारख्या बसल्या, हातांचं काय करायचं ते न कळून. मग सून येऊन शेजारी टेकली, आणि टेकता टेकता कलली, आणि डोकं त्यांच्या मांडीवर ठेवून झोपली. लहान मूल झोपतं तशी, बोलता बोलता.

तिच्या केसांतलं पाणी झिरपून मांडी भिजली. थोड्या वेळाने पायाला मुंग्या आल्या, मग पाय बधिर झाला. मेहुण्याने खुणेनेच विचारलं, उशाला काही देऊ का. कप्तानबाईंनी मान हलवली. पाय तसाच ठेवला आणि सुनेच्या कपाळावर चिकटलेले ओले केस एकेक करून बाजूला सारत राहिल्या. धक्का लांबून दिसायला लागला होता. मुलगा नाव थोडी वेडीवाकडी चालवत होता. आज त्यांनी त्याला काही म्हटलं नाही.